न गाळलेलं पाणी

लातूरला कुठे माझा सत्कार असला की ओळख करून देणारा माणूस हमखास सांगतो, बाईंनी परदेशात जाऊन नारूवर संशोधन केलं आणि आपल्या मातीचं नाव सातासमुद्रापार नेलं. मी मांडीवर शाल-नारळ घेऊन खुर्चीत बसलेली असते आणि अंगाचा नुसता तिळपापड होत असतो. आजवर मी गप्प बसले. उठून आभाराचे चार शब्द बोलले, पोहे खाल्ले, घरी आले. मागच्या महिन्यात एका कॉलेजच्या मुलींचं पत्र आलं, की शिष्यवृत्तीवर परदेशी शिकतानाचे तुमचे अनुभव लिहा, आम्हाला प्रेरणा मिळेल. तुम्हाला प्रेरणा मिळेल की माझा राग येईल, ते वाचून तुम्हीच ठरवा. पण लिहायला बसलेच आहे, तर आता हातचं राखून लिहिणार नाही.

नारू म्हणजे काय हे आता समजावून सांगावं लागतं, एवढं तरी बरं झालं. पाण्यातल्या बारीक किड्यांमधून तो पोटात जातो, वर्षभर अंगात वाढतो आणि एक दिवस पायाला फोड येऊन त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखं तोंड काढतो. हात-दोन हात लांब. ओढला तर तुटतो आणि तुटला तर पाय आत सडतो. म्हणून काडीला गुंडाळून रोज बोटभर काढायचा, महिना महिना. फोडाची आग इतकी होते की माणूस पाय पाण्यात बुडवतो आणि त्या पाण्यात नारू आपली पिल्लं सोडतो. ते पाणी प्यायचं की पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्यामुळे जिथे पायऱ्यांनी उतरून पाणी भरायचं ती बारव हे त्याचं हक्काचं घर. आणि उपाय काय, तर दुहेरी फडक्यातून पाणी गाळून प्यायचं. बस, एवढाच. उपाय इतका साधा होता याचाच मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

आमचं गाव रेणापूरपासून दोन कोसांवर. गावात सरकारी हापसा बसला तो देवळासमोर. मग गावाने बारवेकडे पाठ फिरवली आणि ज्या बारवेच्या पायरीला आमच्या आज्याला पाय लावू दिला नव्हता ती अख्खी बारव आमच्या बौद्ध वस्तीला मोकळी झाली. गावाला नको झालेली वस्तू आमच्याकडे येते, तशीच तीही आली. घरात मी आणि माय, दोघीच. माझे वडील, आण्णा, मी सातवीत असताना गेले. माय रोजाने जायची आणि वस्तीतली बाळंतपणं करायची, त्यामुळे तिचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. सकाळी जाग यायची ती काटवटीत भाकरी थापण्याच्या आवाजाने. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, कधी आंबाडीची भाजी आणि तिच्यावर करडईच्या तेलाची धार. तेलाच्या बाबतीत माय कंजूष होती, पण मी सुट्टीत आले की धार जरा लांबायची. मी तिकडे लक्ष नसल्यासारखं दाखवायचे आणि तीही.

डॉक्टरकी शिकत असताना एका सुट्टीत मी कॉलेजातून भिंग मागून आणलं आणि काचेच्या ग्लासात बारवेचं पाणी घेऊन मायला वळवळणारे ठिपके दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली. मग उठली, पेटीतलं जुनं लुगडं काढलं आणि टराटरा फाडलं. संध्याकाळपर्यंत वस्तीतल्या प्रत्येक घरी तिने एकेक तुकडा पोचवला. घागरीच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधायचं आणि त्यातून पाणी ओतायचं. पहिले काही दिवस बायकांनी टाळाटाळ केली. माय कोणाच्याही घरात शिरून बिनफडक्याची घागर सरळ उपडी करायची, तेही अशा दिवसांत, जेव्हा एकेका घागरीसाठी चाळीस पायऱ्या चढाव्या लागत. शिव्या खाल्ल्या तिने. पण दोन वर्षांनी आमच्या वस्तीत नारू औषधालाही सापडेना. पहाटे घरोघर फडक्यातून पाणी गळण्याचा आवाज यायचा आणि माय म्हणायची, पोरीनं शिकवलं. पोर मी. मला त्याचा किती अभिमान होता ते आता लिहितानाही लाज वाटते.

मग शिष्यवृत्ती मिळाली आणि मी इंग्लंडातल्या एका बंदराच्या शहरात, उष्ण देशांतले रोग शिकवणाऱ्या एका संस्थेत जाऊन पडले. थंडीचं, उकडलेल्या बटाट्यांचं, एकटेपणाचं वर्णन पुष्कळांनी केलं आहे, मी नव्याने करत नाही. भूक लागायची ती भाकरीची, आणि ती पावाने भागत नाही, एवढंच. संस्थेत खालच्या मजल्यावर बरण्यांची खोली होती. एका बरणीत नारू होता, काडीला गुंडाळलेला, पिवळट पडलेला. वर चिठ्ठी चिकटवलेली: दख्खन. वर्ष होतं, काढणाऱ्या साहेबाचं नाव होतं. पाय कोणाचा होता ते मात्र कुठे नव्हतं. मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही. उलट वाटलं, बघा, आमच्याकडचा नारू इथे काचेत ठेवलाय. असा मूर्खपणा फक्त पहिल्या पिढीत शिकलेलं माणूसच करू शकतं.

माझे प्रोफेसर मॅडॉक दुष्ट असते तर बरं झालं असतं. मग हे प्रकरण दोन ओळींत संपलं असतं. पण माणूस भला. मला ओव्हरकोट घ्यायला स्वतः दुकानात घेऊन गेले, रविवारी घरी जेवायला बोलावायचे, आवाज कधी चढवला नाही. त्यांना नारूच्या औषधाचा अभ्यास करायचा होता. विहिरीत औषध टाकलं की ते बारीक किडे मरतात हे माहीत होतं, पण गावात त्याचा नेमका किती उपयोग होतो ते मांडून दाखवायचं होतं. त्यासाठी दोन गावं हवीत: एक औषधाचं, एक बिनऔषधाचं. त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर विचारलं, तुझं गाव कुठे? मी पुढे होऊन बोट ठेवलं. नांदेड जिल्ह्यात मुखेडकडच्या एका गावात औषध टाकायला सुरुवात झाली होती. आमचा लातूर जिल्हा नुकता झालेला, तिथे हे काम पोचायचं होतं. प्रोफेसर खूश झाले. म्हणाले, प्रयोग आयताच मांडून ठेवलेला आहे. आणि माझ्या गावाभोवती त्यांनी पेन्सिलीने गोल काढला.

वस्ती पाणी गाळते हे मीच सांगितलं, फुशारकीने. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, मग तुझी वस्ती धरता येणार नाही, ते लोक गावासारखे वागत नाहीत. वस्ती सोडली तर उरलेली माणसं मोजणीला पुरत नव्हती. दुसरं गाव शोधायचं तर वर्ष वाया, आणि माझी शिष्यवृत्ती पुढे चालू राहायची ती दर सहा महिन्यांनी ते जो अहवाल पाठवत त्यावर. त्यांनी धमकी दिली नाही. फक्त म्हणाले, वर्षभर लोकांनी पूर्वीच्या सवयीप्रमाणे पाणी प्यायलं तर प्रश्न सुटेल, बघ तुला काय जमतं. मी म्हटलं, जमेल. इतक्या चटकन म्हटलं, की जिना उतरून खाली येईपर्यंत आपण काय कबूल केलं हे मला उमगलंही नव्हतं.

उन्हाळ्यात आले तेव्हा दुष्काळ पडलेला. लातुरात नव्या जिल्ह्याच्या पाट्यांचा रंग अजून ओला होता, कचेऱ्या भाड्याच्या घरांतून चालत होत्या, आणि रस्त्यावर जो तो डबे-हंडे घेऊन टँकरच्या मागे. मी गावात पोचले त्याच आठवड्यात युसूफभाई आले. मूळचे उदगीरचे, आरोग्य खात्यात नव्याने लागलेले, सायकलच्या कॅरिअरला औषधाचा डबा बांधलेला. नव्या जिल्ह्यात कोणी आपणहून काम करत असेल तर हा माणूस. ते बारवेकडेच निघाले होते. मी त्यांना वाटेत गाठलं, संस्थेचं पत्र दाखवलं आणि वर्षभर इथे औषध टाकू नका असं सांगितलं. वरून परवानगी मी आधीच काढली होती. परदेशाचा शिक्का बघून कोणी फार चौकशी केली नव्हती.

युसूफभाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, "मॅडम, डब्बा हातात हाय माझ्या. धा मिनटाचं काम हाय. तुमी शिकलेल्या, तुमाला लई कळतं, पण पाणी तर हीच लोकं पिऊन राहिली ना?"

मी त्यांना शास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि डबा घेऊन माघारी गेले. त्यांच्यासारख्या माणसाला मी शास्त्र समजावलं, यासाठी तरी कोणीतरी माझ्या दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या.

मायला सांगितलं ते दुपारी, जेवताना. ती भाकरी भाजत होती, मी परातीजवळ बसले होते. म्हटलं, माये, यंदा वर्षभर पाणी गाळू नका, तूही नको आणि वस्तीतही कोणी नको. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "कामून?" मी दोन गावांचं सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. शाळेत गेली नव्हती, पण हिशेबाला पक्की.

"म्हंजे तिकडल्या गावाला औषिद, आन् आपल्याला काहीच न्हाई," ती म्हणाली. "मंग आपल्याला नारू झाला, तिकडं न्हाई झाला, की तुला कळणार औषिद चांगलं हाय."

"हाव."

"ते तर आत्ताच ठाऊक हाय की."

मी म्हटलं, ठाऊक असणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. हे वाक्य मी प्रोफेसरांकडून शिकले होते आणि मायच्या चुलीपुढे बसून तिला ऐकवलं. वर असंही म्हटलं की वस्तीत दोन वर्षं नारू नाही, बारव स्वच्छ आहे, धोका काहीच नाही. ते मला तेव्हा खरंच वाटत होतं. मायने एवढंच विचारलं, ह्याच्यावर तुझी परीक्षा हाय का? मी हाव म्हटलं. ती उठली, घागरीच्या तोंडाचं फडकं सोडलं, धुतलं, वाळत टाकलं, आणि जेवण झाल्यावर पदर खोचून वस्तीत निघाली. ज्या घरांत शिरून तिने घागरी उपड्या केल्या होत्या त्याच घरांत जाऊन तिने सांगितलं, यंदा गाळायचं न्हाई, आपल्या सुमनची परीक्षा हाय. एकाही घराने नाही म्हटलं नाही. वस्तीतली पहिली पोरगी विमानात बसली होती. विहारात तिचं नाव घेत होते. मागितलं असतं तर त्यांनी आणखीही काही दिलं असतं, आणि लोकांचं हे असं देणं कुठे वापरू नये, हे कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत.

मी परत गेले आणि महिन्याभरात गावातला हापसा आटला. सगळं गाव बारवेवर आलं. ज्यांनी ती टाकली होती, तेच आता हंडे घेऊन पायऱ्या उतरू लागले, आणि त्यांच्यात शेतातल्या विहिरींचं पाणी पिऊन नारू झालेले पाय होते. वस्तीने त्यांना अडवायचं कसं? आणि तहानलेल्याला अडवण्यातलं दुःख आमच्याहून जास्त कोणाला माहीत? हे मला कळलं ते मायच्या पत्रातून. तिने युसूफभाईंकडून लिहवून घेतलं होतं. ते पत्र माझ्यापाशी आहे, पण मला काढून बघावं लागत नाही. गावातली माणसं बारवेत पाय घालून राहिलीत. दोघांच्या पायाला नारू हाय, मी डोळ्यानं बघितला. फडकं बांधावं का? तू म्हणशील तसं. खाली युसूफभाईंनी स्वतःच्या मनाने एक ओळ घातली होती, की मॅडम, डबा तयार आहे.

माझी माय, जिने कोणाला न विचारता लुगडं फाडलं होतं, ती मला फडक्याची परवानगी मागत होती. आणि मी काय केलं? मी ते पत्र घेऊन प्रोफेसरांकडे गेले, इंग्रजीत सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, निर्णय तुझा आहे, मी सक्ती करणार नाही, पण त्याचा अर्थ काय होईल ते तुला समजतंच. हेच ते सभ्य वागणं. स्वतःचे हात कोरडे ठेवून दुसऱ्याला पाण्यात ढकलायचं आणि वर म्हणायचं, पोहायचं की नाही ते तू ठरव. आज ते समोर असते तर मी त्यांना तोंडावर सांगितलं असतं. तेव्हा मी त्यांना थँक्यू म्हणाले.

तार करता आली असती. बांधा, एवढा एक शब्द पुरला असता. मी खोलीवर आले, निळं आंतरदेशीसारखं हवाई पत्र घेतलं आणि लिहिलं, थोडं थांब, मी आल्यावर बघू. पत्र पोचायला पंधरा दिवस लागतात हे मला माहीत होतं. नारू अंगात शिरायला एक घोट पुरतो हेही माहीत होतं. त्याच विषयात तर मी संशोधन करत होते.

पुढच्या उन्हाळ्यात मोजणीसाठी आले. भर दुपारी वस्तीत शिरले तर एरवी ज्या वेळी वस्ती ओस असायची, सगळी रोजगार हमीच्या खडीवर गेलेली असायची, त्या वेळी घरोघर माणसं होती. उंबऱ्यावर पाय लांब करून बसलेली, पायाला चिंध्या, चिंधीच्या टोकाला काडी. पहिल्याच घरात धुरपदाकाकू होती. माझ्या जन्माच्या वेळी तिने मायचं डोकं मांडीवर धरलं होतं. तिने मला बघितलं आणि हसून पाय पुढे केला. म्हणाली, "लिव बाई लिव, माझा दोन जागी हाय." आणि मी पिशवीतून वही काढली. आधी वही काढली, मग जखम बघितली. माझ्या आयुष्यातल्या ज्या ज्या गोष्टींची मला चीड येते त्यांत ही पहिली.

मायचा नारू घोट्यातून निघाला होता. ओढताना अर्ध्यात तुटला होता, घोटा गाडग्याएवढा सुजला होता आणि तापाने ती फणफणली होती. मी जखम साफ केली, औषधं सुरू केली. युसूफभाई दुसऱ्या दिवशी आले, मला न विचारता थेट बारवेवर गेले आणि औषध टाकून आले. दहाच मिनिटं लागली. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही, आणि त्यांनी बघितलं असतं तर मी कुठे बघणार होते? मी घरोघर फडकी बांधत फिरले. ज्याला त्याला सांगत सुटले की माझं चुकलं. लोक म्हणत, असू दे, परीक्षा चांगली झाली का?

मायचा ताप उतरल्यावर मी तिला सांगितलं की मी प्रबंधात सगळं खरं लिहिणार आहे. तुम्ही आपणहून नव्हे, माझ्या सांगण्यावरून गाळायचं थांबवलं होतं, म्हणजे ही तुलनाच खोटी आहे. हे लिहिलं की प्रबंध जाईल, शिष्यवृत्ती जाईल, मी परत येईन आणि रेणापुरात दवाखाना टाकीन. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. माय भिंतीला टेकून बसली होती. ती माझ्यावर आयुष्यात इतकी चिडलेली मी पाहिली नव्हती.

"तू लिहिणार, तुझं मन हलकं व्हणार," ती म्हणाली. "आन् आमचं काय? धुरपदीनं चार म्हैने रोज बुडवला, तिच्या सुनंचा पाय वाकडा झाला. कशापायी? तुझ्या परीक्षेपायी. आन् तू आता म्हणून राहिलीस, परीक्षा नको. मग आमी कशासाठी सोसलं, ते सांग मला."

तिने सुजलेला पाय हाताने उचलून बाजूला ठेवला.

"आदी पास हो," ती म्हणाली. "मंग बोल काय बोलायचं ते. पण बोल. गप नको बसू."

मी परत गेले आणि पास झाले. औषधाचं गाव आणि बिनऔषधाचं गाव यांच्यातला फरक डोळ्यांत भरण्यासारखा होता, तो का होता ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. प्रोफेसरांनी हात हातात घेऊन सांगितलं, की इतके स्वच्छ आकडे फार क्वचित मिळतात. स्वच्छ हा त्यांचा शब्द. प्रबंधाच्या सुरुवातीला आभार मानायचे असतात, तिथे त्यांच्या सूचनेवरून एक ओळ घातली: गावकऱ्यांच्या सहकार्याबद्दल ऋणी आहे. त्या ओळीत धुरपदाकाकूचं नाव नाही, मायचं नाही. त्या बरणीवरच्या चिठ्ठीवरही ज्याचा पाय त्याचं नाव नव्हतं, म्हणून मी कोणाला नावं ठेवू?

पदवी घेऊन गावी आले तेव्हा माय काठी टेकत फाट्यापर्यंत आली होती. तिचा घोटा पुन्हा कधी वाकला नाही. बारवेवर तिला उतरता येईना, पाणी शेजारची सून आणून द्यायची. घरी पोचल्यावर तिने पाणी दिलं, चेहऱ्यावरून हात फिरवला आणि विचारलं, बोललीस का? मी म्हटलं, अजून नाही माये, जरा नोकरीत स्थिर होऊ दे. पुढच्या दिवाळीला आले तेव्हा पुन्हा विचारलं. नोकरी लागली तेव्हा विचारलं, बढती झाली तेव्हा विचारलं, दिल्लीच्या सभेला जाऊन आले तेव्हाही. दर वेळी माझ्याकडे काहीतरी कारण होतं आणि दर वेळी ती ते ऐकून घ्यायची आणि भाकऱ्या थापायला बसायची, एक पाय लांब करून.

पुढे पुढे ती विचारीनाशी झाली. नेमकी केव्हापासून, ते मला सांगता येत नाही. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं, एवढं मात्र आठवतं.